मध्यंतरापर्यंत

मंगळवार, ४

ही डायरी आमच्या सुपरवायझर बाईंनी दिली. साबणवाल्या कंपनीकडून त्यांना फुकट मिळालेली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार चुकतात. मी खोडून वर बरोबर वार घालतो. देताना बाई म्हणाल्या, "डोकं फिरलं की यात लिही. माणसांवर ओरडत जाऊ नकोस." काल मी ओरडलो हे खरं आहे. पण इस्त्रीच्या गरम रोलरवर कोणी पाणी ठिबकणारी चादर आणून टाकली तर काय त्याचा मुका घ्यायचा?

शाळा सहावीत सोडली. तेव्हा इथे ऱ्हस्व-दीर्घ शोधायला कोणी येऊ नये. तसंही वाचणार कोण?

आमची लॉन्ड्री घरोघरच्या कपड्यांची नाही. दोन मोठ्या दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. गाडीतून ढीग येतात, गाडीतून घड्या जातात. माझं काम घडीचं. चादरीला टोकं चार, धरायला माणसं दोन. समोर माझा जोडीदार लांबू. तो एवढा उंच की चादर नेहमी माझ्या बाजूला उतरती. तो थोडा वाकतो, मी टाचा उचलतो, पुढे येतो, टोकाला टोक लावतो, मागे जातो. ड्रायव्हरकाका म्हणतात, "तुम्ही काम करता का नाचता रे?"

खरं सांगायचं तर एका जागी बसायला लागत नाही म्हणून हे काम मला जमलं. घरचा धंदा शिवणाचा. बाबांच्या मशीनवर मला बसवलं की दहा मिनिटांत मुंग्या यायच्या. दादा मात्र बसला की बसला.

शुक्रवारी वस्तादचा नवा सिनेमा लागतोय! आज एवढं लिहिलं ते त्याच आनंदात.

गुरुवार, ६

वस्ताद म्हणजे दिग्दर्शक. त्याचं खरं नाव साऱ्या जगाला माहीत आहे, पण दादा आणि मी त्याला लहानपणापासून वस्तादच म्हणतो. त्याच्या सिनेमात धाकटा मुलगा घर सोडून जातो. मार खातो, मार देतो, मोठा माणूस होतो आणि शेवटी परत येतो. आणि दार कधीच वाजवत नाही. लाथ मारतो. दोन्ही फळ्या धाडकन भिंतीवर आपटतात, कारण पोरगा येईल म्हणून आईने इतकी वर्षं आतून कडीच लावलेली नसते. त्या क्षणी थेटरात जो गोंधळ होतो तो ज्याने ऐकला नाही त्याने काय ऐकलं! दादा तर खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारायचा. एरवी गरीब गाय.

दादाशी माझं बोलणं या सिनेमांतूनच होतं. आम्हाला तोंडावर बोलता येत नाही. मी घर सोडलं तेव्हा त्याला एवढंच म्हणालो होतो, "पहिल्या सिनेमाची सुरुवात." त्याने मान हलवली. आत जाऊन माझ्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून आणला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा फोनवर म्हणाला, "छत्रीवाला सीन." मी इकडे लॉन्ड्रीत उड्या मारल्या. आणि बाबांच्या वेळी म्हणाला, "दवाखान्याचा सीन." बस. मी चादर धरून उभा होतो. लांबूला म्हणालो, थांबू नकोस, घडी पुरी कर. तेव्हा मला जायला जमलं नाही.

आमचा नेम असा की नवा सिनेमा पहिल्या दिवशी पहिला खेळ, तो तिकडे, मी इकडे. आणि रविवारी फोन.

उद्यासाठी सगळ्यांना तयार केलं. लांबू, कॅन्टीनचा आचारी, ड्रायव्हरकाका, सगळ्यांनी आठवड्याची सुट्टी बदलून घेतली. आचारी कुरकुरत होता, मला झोपायचंय म्हणून. मी म्हटलं, "नाही आवडला तर माझ्या तोंडात मार."

शुक्रवार, ७

फसवलं.

सुरुवातीलाच आमचा तो नेहमीचा हिरो, आता केस पांढरे, बॅग घेऊन घरासमोर येऊन उभा राहतो. पहिल्याच रिळात! मागे वाजंत्री नाही, काही नाही, नुसता वारा. दार बंद. तो पाय उचलतो. थेटर उठून उभं. मीही उभा. शिट्ट्या. आणि तो पाय खाली ठेवतो. आणि बोटाने दार वाजवतो. टक टक.

आतून आवाज येतो, "कोण?"

तो म्हणतो, "मी."

"मी कोण?"

थेटरात कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू मला कानाखाली बसल्यासारखं लागलं. घरचा माणूस घरच्या माणसाला असं विचारतो?

त्यानंतर थोरला भाऊ दार उघडतो, बाजूला होतो आणि कामाला जातो. त्याची पिठाची गिरणी असते. मग गिरणीच गिरणी. भुवयांवर पीठ. तो पट्टा चढवतो, पीठ पडतं, डबे भरतात. आई खाटेवर पडून. धाकटा पायरीवर बसून मोसंबं सोलतो. अख्खं मोसंबं! पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, मार की कोणाला तरी!" दुसरा म्हणाला, "मोसंब्यालाच मार!" वरच्या महाग खुर्च्यांवरून लोक शूऽऽ करत होते. तीच माणसं आम्ही शिट्टी मारली की नाक मुरडायची. आज थेटर त्यांचं होतं.

मध्यंतर झालं तसा मी उठलो आणि बाहेर पडलो. परत आत गेलो नाही. समोरच्या बसथांब्यावर बसून राहिलो. बाकीचे बाहेर आले तेव्हा गर्दीत मिसळलो. लांबूने विचारलं, "होतास कुठे?" म्हटलं, "मागे जाऊन बसलो. पुढून मान अवघडली."

हे फक्त इथे लिहितोय.

शनिवार, ८

कॅन्टीनमध्ये माझी नुसती चटणी केली. आचारी चहाचा ग्लास पुढे ठेवून म्हणाला, "गाल कुठला देतोस, डावा का उजवा?" मग म्हणाला, "जाऊ दे, माफ. मला एवढी शांत झोप कितीतरी महिन्यांत लागली नव्हती. गिरणीचा आवाज काय गोड होता! असाच अजून एक काढायला सांग तुझ्या वस्तादला."

लांबू चिडलेला. "दोन तास बघून कळलं काय, तर पीठ पांढरं असतं." या वाक्यावर सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. निदान लांबू तरी माझ्या बाजूचा आहे.

ड्रायव्हरकाका बोलेनात. मी म्हटलं, "काका, तुम्ही तरी सांगा, फसवलं की नाही?" ते म्हणाले, "मला आवडला." एवढंच. मी सोडतोय का! काय आवडलं, कुठे आवडलं, पीठ आवडलं का मोसंबं? तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"माझी धाकटी चार वर्षांची होती. खूप दिवसांनी सुट्टी काढून घरी गेलो. दार तिनेच उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि आत ओरडून म्हणाली, आई, कोणीतरी आलंय."

मग आचारी म्हणाला, "काका, तुमच्या मिशा बघून घाबरली असेल." काका हसले.

मला कळत नाही, यात आवडण्यासारखं काय आहे? असलं घरचं दुखणं विसरायलाच तर माणूस थेटरात जातो. काका आता म्हातारे झालेत.

रविवार, ९

दादाचा फोन. मी सकाळपासून वाट बघत होतो. म्हटलं, हा एकटा मला समजून घेईल. उचलल्या उचलल्या सुरू झालो, "बघितलंस? केसाने गळा कापला की नाही आपला?"

दादा म्हणाला, "मी दोनदा बघितला."

"एकदा बघून विश्वास बसला नाही म्हणून?"

"नाही रे. आवडला मला."

आवडला! खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारणारा माझा सख्खा भाऊ. म्हटलं, "शिट्टी कुठे मारलीस मग? पीठ पडताना?" तो म्हणाला, "शिट्टी नाही मारली. पहिल्यांदाच वाटलं, वस्तादने माझ्यावर काढलाय."

"तुझ्यावर? तू काय गिरणी चालवतोस?"

तो हसला. मी आणखी चिडलो. म्हटलं, त्यात आहे काय, भाऊ काम करतो, धाकटा मोसंबं खातो, आणि ती म्हातारी आई तर सबंध सिनेमाभर खाटेवरून उठत नाही!

दादा थांबला. "सबंध सिनेमाभर?"

"सबंध!"

मागे आमच्या मशीनचा आवाज येत होता. वहिनी बसली असेल. मग तो म्हणाला, "शेवट बघितलास ना?"

"बघितला की."

"मग मला वेगळं काही सांगायला नको. शेवटचा सीन. कळलं ना?"

"कळलं."

"तुझी हरकत नाही?"

"माझी कसली हरकत? तुला जे आवडतं ते तुझं." मी तणतणतच होतो.

"म्हणजे हो?"

"हो रे बाबा, हो! ठेव आता."

आईशी न बोलताच फोन ठेवला. दादासुद्धा वरच्या महाग खुर्च्यांवर जाऊन बसला. आता माझ्या रांगेत कोण उरलं?

बुधवार, १२

लांबू फुटला.

काल संध्याकाळी गुपचूप जाऊन परत बघून आला. आज चादर धरून माझ्या समोर उभा राहून म्हणतो, "शांतपणे बघितला की बरा आहे तसा. तो थोरला रे, त्याचं तोंड सबंध सिनेमाभर नीट दाखवतच नाहीत, नेहमी खाली मान, नाहीतर पिठात. आणि शेवटी जे दाखवतात ना..."

मी चादरीचं टोक सोडलं. चादर जमिनीवर. जमिनीला लागलेली चादर पुन्हा धुवायला टाकावी लागते, असा आमचा कायदा. सुपरवायझर बाई आल्या. "कशावरून?" लांबूने सांगितलं, सिनेमावरून. मला वाटलं आता दोघांची खरडपट्टी. तर बाई म्हणाल्या, "तो गिरणीचा? मी बहिणीबरोबर जाऊन आले."

मी विचारलं, "तुम्हाला कसा वाटला?" (बाई वस्तादचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायच्या, म्हणून मला आशा.)

"बरा होता. त्याच्या आधीच्या सगळ्या सिनेमांत आया-बहिणी दारामागे उभ्या राहून म्हाताऱ्या व्हायच्या. मला वाटायचं, यांना दुसरं काम नाही का? या वेळी पहिल्यांदा त्याला दिसलं की घरात माणसं राहतात." मग चादर उचलून माझ्या अंगावर टाकली. "जा, धुवायला टाक. आणि ओरडायचं असेल तर डायरीत."

म्हणून लिहितोय. बाईंना आवडला, काकांना आवडला, दादाला आवडला, लांबूला आवडला. एकटा आचारी माझ्या बाजूला, आणि तो झोपला होता.

शुक्रवार, १४

लांबूने मोबाइलवर वस्तादची मुलाखत दाखवली. मुलाखत घेणारी पोरगी विचारत होती, लोक दोन गटांत वाटले गेलेत, जुने चाहते तुमच्यावर चिडलेत, तर एवढा बदल कशासाठी?

वस्ताद म्हातारा झालाय. चष्म्याची दोरी गळ्यात. म्हणाला, "परत येऊन लाथेने दार उघडणारा माणूस मी आयुष्यात एकही पाहिला नाही. दाखवत आलो. लोकांना आवडायचं, मलाही आवडायचं. पण ते खोटं होतं."

पोरगी हसली. वस्तादही हसला. जसं काही कोणाची फजिती सांगतोय.

खोटं होतं? मग मी कशावर घर सोडलं? तिकडे तू खुर्चीत बसून हसतोस, आणि इकडे मी इतकी वर्षं लोकांच्या आजारपणाच्या चादरी झटकतोय, ते कशासाठी? गाजावाजा करत परत जायचं, दाराला लाथ मारायची, याचसाठी ना? अजून तेवढा मोठा झालो नाही म्हणूनच तर गेलो नाही. बाबांच्या वेळीसुद्धा रिकाम्या हाताने कसा जाणार होतो? वस्तादच्या एकाही सिनेमात हिरो मधेच, रिकाम्या हाताने घरी जात नाही.

तुझं खोटं तू आधी सांगायचंस रे.

सोमवार, १७

बाईंनी विचारलं, करार संपतोय, पुढे दोन वर्षं राहणार का? रोलरवर घेतील म्हणाल्या, म्हणजे वरची जागा. विचार करायला दोन दिवस देत होत्या. मी तिथल्या तिथे सही ठोकली. मला आता घाई कसली? घरचे सगळे गिरणीत रमलेत.

लांबू म्हणाला, "घरी विचारलंस?"

म्हटलं, "माझ्या घरी विचारायची पद्धत नाही."

मंगळवार, २५

वहिनीचा फोन. ती सहसा करत नाही. म्हणाली, "भावोजी, तुम्ही नक्की कोणत्या दिवशी पोचताय? आम्हाला पुढच्या आठवड्यात, गुरुवारच्या बसने निघायचंय. आईंना मधे एकटं ठेवायला नको."

मला काही कळेना. "कोण निघतंय?"

"आम्ही. ती कपड्यांच्या कारखान्यातली कटिंग मास्तरची जागा. माझ्या भावाने सांगितलेली. याआधी दोनदा यांनी नाही म्हटलं, आईंना कोण बघणार म्हणून. आई घर सोडून यायला तयार नाहीत. या वेळी ते म्हणाले, धाकटा येतोय, त्याने हो म्हटलंय."

"मी? कधी?"

"तुम्हीच नाही का, फोनवर? रविवारी? मी मशीनवर बसले होते. फोन ठेवून ते नुसते उभे होते भिंतीला टेकून. मला म्हणाले, विचारलं त्याला, हो म्हणाला."

मी ओरडलो, आम्ही सिनेमाचं बोलत होतो! दादाने मला शेवटचा सीन कळला का एवढंच विचारलं!

वहिनी असली तापली! "तुम्हा दोघांना देवाने तोंडं दिलीत ना? लग्न झाल्यापासून बघतेय. सख्खे भाऊ, आणि बोलायला तिसरा माणूस लागतो, तोही पडद्यावरचा! कळला नव्हता तर हो कशाला म्हणालात?"

मी फोन ठेवला.

काय आहे त्या शेवटच्या सीनमध्ये? लांबूला विचारावं तर नाक कापलं जाईल. मी सिनेमा बघितलाय असं सगळ्यांना वाटतं. गेले दोन आठवडे मी त्यावर सगळ्यांशी भांडतोय.

गुरुवार, २७

उद्यापासून सिनेमा उतरतोय. शेवटचा दिवस, दुपारचा एकच खेळ. बाईंकडून अर्धी सुट्टी घेतली. थेटरात इकडे तिकडे विखुरलेली माणसं. मी पुढच्याच रांगेत बसलो, नेहमीच्या. मागे शूऽऽ करायला कोणी नव्हतं आणि शिट्टी मारायलाही नव्हतं.

पहिला अर्धा भाग तोच. मध्यंतरात जागचा हललो नाही.

मध्यंतरानंतर पहिलाच सीन, आई खाटेवरून उठते. उठते! भिंत धरत धरत दारापाशी जाते आणि कडी लावते. रोज लावत असल्यासारखी. परत येऊन पडते.

म्हणजे मी दादाला म्हणालो, सबंध सिनेमाभर उठत नाही, तेव्हाच...

शेवट लिहितो. थोरला गिरणी झाडून पुसून स्वच्छ करतो. तोंड धुतो. धाकट्याच्या हातात किल्ली ठेवतो. कोणी काही बोलत नाही. मग तो बसमध्ये चढतो, खिडकीशी बसतो, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याचं तोंड नीट दिसतं. चांगला दिसायला आहे तो. अजून तरुण आहे. बस सुटते. तो मागे वळून बघत नाही. मागून गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येतो. संपलं.

लोक उठून गेले. झाडूवाला माझ्यापाशी येऊन म्हणाला, "संपला, भाऊ."

मला राग आलाय. दादाला माहीत होतं. मी शेवट बघितला नाही हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने माझ्याकडून हो म्हणवून घेतलं. वस्ताद तरी परका होता. हा तर घरातला. आता जाऊन त्याला समोरासमोर जाब विचारणार. राहायला नाही जात, भांडायला जातोय.

शनिवार, २९

बाई म्हणाल्या, "महिनाभर रजा देते. पुढे जागा राहील का, ते माझ्या हातात नाही." मी म्हटलं, "आठ दिवसांत परत येतो. फक्त एकाला विचारायचंय, असं का केलंस." बाईंनी माझ्या बॅगेकडे बघितलं. म्हणाल्या, "बॅग एवढी मोठी कशाला मग?"

लांबूने गाडीपर्यंत बॅग आणून दिली. उद्यापासून त्याच्यासमोर एक बुटका पोरगा उभा करणार आहेत. म्हणाला, "माझी पाठ मोडणार, वाकून वाकून." ड्रायव्हरकाकांनी स्टेशनला सोडलं. उतरताना म्हणाले, "पोरा, दार वाजव हो."

मी म्हटलं, "बघू."

मंगळवार, २

काल संध्याकाळी पोचलो. डायरी आज बॅगेतून काढली.

आमच्या दाराला नवा रंग दिलाय. हिरवा. मला कोणी सांगितलं नव्हतं. दार बंद. आतून मशीनचा आवाज. मी बॅग खाली ठेवली आणि पाय उचलला. खरंच उचलला. सगळा रस्ता तेच ठरवत आलो होतो. पण रंग नवा होता, ओला असेल तर बुटाचा डाग पडेल असं वाटलं. म्हणून वाजवलं.

मशीन थांबलं. दादाचा आवाज आला, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

त्याने माझा आवाज ओळखला होता. मला शंभर टक्के माहीत आहे. तरी विचारलं. मी म्हणालो, "आधी उघड, मग सांगतो कोण ते!" माझा आवाज वेगळाच आला. ओरडायला गेलो तर चिरकला.

कडी निघाली. दादा. कानामागे खडू, गळ्यात टेप, डोक्याचे केस मागे गेलेले. भिंतीशी त्याची बॅग भरून ठेवलेली. तिचा बंद मला ओळखू आला, माझ्या पिशवीला घातला होता त्याच कापडाचा.

मी उंबऱ्यातूनच विचारलं, "तुला माहीत होतं, मी शेवट बघितला नव्हता?"

"माहीत होतं."

"आणि तरी?"

"आई खाटेवरून उठत नाही म्हणालास, तेव्हाच कळलं की तू मधूनच उठून गेलास." त्याने टेप गळ्यातून काढून गुंडाळला. नीट, हळूहळू. "तुझा हो पाहिजे होता मला. आला. मी धरून ठेवला."

"फसवलंस मला."

"फसवलं," तो म्हणाला. "आत ये."

मी खूप काही पाठ करून आलो होतो. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. वहिनी आतून म्हणाली, "बोलताय ना? मग बोला! इतकी वर्षं साठलंय ते." आम्ही दोघंही तिच्याकडे बघत उभे राहिलो. मग दादाने माझी बॅग उचलली आणि आत नेली.

आई मला हाताने चाचपत होती. म्हणाली, "वाळलास." मग दादाला म्हणाली, "याच्या अंगाचा एक शर्ट कापून ठेव जायच्या आधी." दादाने माप घेतलं. आमचं काल एवढंच बोलणं झालं. छाती, खांदा, बाही.

गुरुवार, ४

ते गेले.

सकाळी बसथांब्यावर मी बॅग वर चढवली. दादाने किल्ली माझ्या हातात ठेवली नाही, मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "किल्ली खिळ्यावर आहे. नेहमी तिथेच असते." मग म्हणाला, "मशीन जड चाललं तर तेल घाल, ओढाओढ करू नकोस." मी म्हटलं, "मी आठ दिवसांत परत जाणार आहे." तो म्हणाला, "बरं."

वहिनी खिडकीतून हात हलवत होती. दादा पलीकडे बसला होता. मग वहिनीने त्याला उठवून खिडकीशी बसवलं. त्याचं तोंड दिसलं. त्याने मागे वळून बघितलं नाही. सिनेमाच्या नादाने नाही बघितलं, की बघवलं नाही, की बघायचंच नव्हतं, कोण जाणे. मी बस वळेपर्यंत उभा होतो. माझा राग गेलेला नाही. हे लिहून ठेवतो.

दुपारी एक माणूस पॅन्ट घेऊन आला, लांबी कमी करायला. "मास्तर नाहीत?" मी म्हटलं, नाहीत. तो वळला. मी म्हटलं, "थांबा. ठेवून जा. बघतो." मशीनवर बसलो. दहा मिनिटांत मुंग्या आल्या. उठलो, एक फेरी मारली, परत बसलो. पॅन्ट झाली. एक पाय किंचित आखूड असेल.

आता दिवे लागलेत. आई खाटेवरून उठली, भिंत धरत दारापाशी गेली आणि आतून कडी लावली. मी बघत राहिलो. म्हटलं, "आई, हे कधीपासून? दादा गेला म्हणून?"

"काय?"

"कडी. मी नव्हतो तेव्हा तू कडी लावत नव्हतीस ना?"

आई माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मी विचारतोय की तू जेवत होतीस का.

"रोजच लावते," ती म्हणाली. "तू घरात होतास तेव्हाही लावायचे. तू आधी झोपून जायचास."